बोकडाच्या रश्शापासून पिंपरीच्या घोड्यांपर्यंत

१८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा प्लेग ओळखला आणि बघता बघता शहर रिकामे होऊ लागले. चंबूगबाळे आवरून माणसे गावाकडे निघाली. ऑक्टोबरात मात्र एक माणूस उलट दिशेने मुंबईत आला. ओडेसात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला आणि बंगालमध्ये पटकीची लस टोचून अनुभव घेतलेला वाल्डेमार हाफकिन. सरकारने त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई दिले. एवढ्या सामग्रीवर त्याला प्लेगची लस तयार करायची होती.

लस करायची तर आधी जंतू वाढवायला हवेत आणि जंतू वाढवायचे तर त्यांना खाऊ घालायला हवे. युरोपातल्या प्रयोगशाळांत यासाठी गोमांसाचा अर्क आणि पेप्टोन वापरत. पेप्टोन म्हणजे जठररसाने पचवलेले मांस. मुंबईत ते चालणारे नव्हते. ज्यांच्या दंडात ही लस जायची होती त्यांत गाय वर्ज्य मानणारे होते आणि डुक्कर वर्ज्य मानणारेही होते. हाफकिनने बोकडाचे मांस घेतले. ते बारीक करून हायड्रोक्लोरिक आम्लात तापवून विरघळवले, मग क्षार घालून आम्लाचा जोर मोडला आणि ते गाळून घेतले. हा तयार झालेला रस्सा काचेच्या चंबूंत भरून त्यावर तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या तुपाखालून वडाच्या पारंब्यांसारखे लोंबत वाढत. अधूनमधून चंबू हलवला की पारंब्या तुटून तळाशी बसत आणि वर नव्या फुटत. काही आठवड्यांनी सगळे मिश्रण तापवून जंतू मारायचे, थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे, की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने ती स्वतःला टोचून घेतली.

या रश्शात काय घडत होते, ते नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढची सव्वाशे वर्षांची कथा त्यावरच उभी आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. अखंड साखळी जंतूंना सहजी वापरता येत नाही. आम्लाने किंवा पाचकद्रव्याने ती तोडली की तिचे लहानमोठे तुकडे पडतात. दोन-तीनपासून काही डझन अमिनो आम्लांपर्यंतच्या या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. मटण खाल्ल्यावर आपल्या जठरात आणि आतड्यात हेच होते. हाफकिनने जठराचे काम चंबूत करून घेतले. मुंबई इलाख्यात प्राणिज प्रथिने मोठ्या प्रमाणावर, हेतुपूर्वक आणि सार्वजनिक कामासाठी तोडण्याची ही सुरुवात होती.

भायखळ्याच्या तुरुंगात या लसीची पहिली मोठी परीक्षा झाली. कैद्यांपैकी जे स्वतःहून पुढे आले त्यांना लस टोचली आणि न टोचलेल्यांशी तुलना केली. टोचलेल्यांत प्लेग स्पष्टपणे कमी निघाला.

पुण्यात त्याच महिन्यांत वेगळेच काही चालले होते. प्लेग कमिटीचा प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड याच्या हाताखाली गोरे सैनिक घराघरांत शिरत होते. देवघरापासून माजघरापर्यंत झडती, बायकांची उघड्यावर तपासणी, सामानाची होळी. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच आजाराने मृत्यू आला. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. झाडणारे चापेकर बंधू मूळचे चिंचवडचे. पवनेकाठी मोरया गोसावींच्या समाधीभोवती वसलेल्या त्या गावातला त्यांचा वाडा आज स्मारक म्हणून उभा आहे. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव, तिघेही फाशी गेले.

चिंचवडच्या वाड्याचा आणि मुंबईच्या चंबूचा थेट संबंध नाही. तरीही दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीकडे शास्त्र येत होते ते बुटांनी दार ढकलून. दुसरीकडे एक शास्त्रज्ञ रश्शात कोणाचे मांस घालायचे इथपासून विचार करत होता, कारण लोकांनी राजीखुशीने दंड पुढे केल्याशिवाय लसीचा उपयोग नाही हे त्याला ठाऊक होते. बोकड घेतल्याने पुण्याच्या शाकाहारी घरांची अडचण सुटली नव्हतीच. पण विचार झाला होता, आणि त्या काळच्या सरकारी आरोग्यखात्यात एवढा विचारही दुर्मीळ होता.

१० ऑगस्ट १८९९ रोजी हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी एका बाटलीतल्या लसीतून धनुर्वात होऊन १९ माणसे दगावली आणि ठपका हाफकिनवर आला. तो निर्दोष ठरायला पाच वर्षे लागली. १९२५ मध्ये संस्थेला त्याचे नाव दिले गेले.

बोकडाचा रस्सा मात्र टिकून होता, आणि त्याची एक खोड होती. प्रत्येक बोकड वेगळा, मांसातली चरबी वेगळी, शिजण्याची वेळ वेगळी. त्यामुळे प्रत्येक हप्त्याचा रस्सा निराळा व्हायचा. लसीच्या कारखान्याला एकसारखेपणा लागतो. शिवाय अर्कातले न मोडलेले प्रथिन टोचले गेले तर माणसाला त्याचाच त्रास होण्याची भीती असते.

यावर तोड काढली ती साहिबसिंग सोखी यांच्या काळात. सैन्याच्या वैद्यकीय सेवेतून आलेले सोखी १९३० च्या दशकात हाफकिन संस्थेचे संचालक झाले. त्या पदावरचे ते पहिले भारतीय. कथकला नव्या रंगमंचावर नेणाऱ्या मादाम मेनका या त्यांच्या पत्नी, खंडाळ्याला त्यांचे नृत्यालय होते. सोखींनी परळची प्रयोगशाळा कारखान्याच्या शिस्तीने चालवली आणि जंतूंचे अन्न म्हणून मांसाऐवजी दुधाकडे पाहिले.

दुधात लिंबू पिळले की जो चोथा खाली बसतो तो मुख्यतः केसीन. मलई काढलेल्या दुधातून ते वेगळे काढून धुऊन वाळवले की पांढरी-पिवळसर भुकटी मिळते. ती वर्षभर टिकते, तोलून घेता येते आणि आजच्या व उद्याच्या पोत्यात फारसा फरक नसतो. आम्लात शिजवली की ती जवळजवळ सुट्या अमिनो आम्लांपर्यंत तुटते. यातही एक गोम आहे. आम्लाच्या उकळीत ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नष्ट होते, आणि ज्या जंतूला ते हवे असेल त्याच्यासाठी ते वरून द्यावे लागते. कोणता जंतू कशावर जगतो, हे एकेक करून तपासावे लागले. सोखी, एम. के. हब्बू आणि के. एच. भरुचा यांनी प्लेग आणि पटकीच्या लसींसाठी केसीनच्या या विघटित द्रावणाचा वापर कसा करायचा, ते १९५० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या शास्त्रीय पत्रिकेत मांडले. बोकडाच्या जागी दूध आले. त्याबरोबर शाकाहारी घरांचा जुना आक्षेपही निकालात निघाला, जरी बदलाचे मुख्य कारण ते नव्हते.

त्याच सुमारास मुंबईत दुधातल्या प्रथिनांकडे अन्न म्हणून पाहणारी एक बाई काम करत होती. कमला सोहोनी. माहेरच्या भागवत. १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या, जाचक अटी सोसून त्यांनी वर्ष काढले आणि पुढे तिथल्या मुलींचा रस्ता मोकळा झाला. तिथे त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केले. केंब्रिजची पीएच.डी. १९३९ ची. परत आल्यावर मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी विद्यार्थ्यांची पिढी घडवली, कडधान्यांतल्या प्रथिनांचे पचन कशामुळे अडते ते तपासले, नीरेच्या पोषणमूल्यावर वर्षानुवर्षे संशोधन केले आणि आरे दुग्धप्रकल्पाला दुधाच्या दर्जाबाबत सल्ला दिला. गरिबाच्या ताटातले स्वस्त अन्न हा त्यांच्या शास्त्राचा विषय होता. हाफकिनच्या इतिहासात त्यांचे नाव येत नाही आणि त्यांच्या चरित्रांत हाफकिनचे. पण दोघांचा प्रश्न एकच होता: प्रथिनाची साखळी कुठे तुटते, आणि तुटल्यावर तिचे काय होते?

आता पिंपरीकडे वळू. फाळणीनंतर इथे सिंधी निर्वासितांची छावणी उभी राहिली, तिला लोक आजही पिंपरी कॅम्प म्हणतात. रेल्वेलाइनीजवळ लष्कराचा डेअरी फार्म होता. बाकी ज्वारी-बाजरीची शेते. टाटांचे ट्रक, बजाजच्या स्कूटर आणि चाकणच्या मोटारी यायच्या होत्या. उद्योग म्हणून इथे प्रथम आला तो औषधाचा कारखाना. भारत सरकारने युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेशी १९५१ मध्ये करार केला, १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले. युनिसेफने यंत्रे दिली, आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले. हाफकिन सोडून सोखी जागतिक आरोग्य संघटनेत सहायक महासंचालक झाले होते. पेनिसिलिन सरकारी कारखान्यात, परदेशी कंपन्यांच्या पेटंटांत न अडकता तयार व्हावे, असा आग्रह धरणाऱ्यांत ते आघाडीवर होते.

पेनिसिलिन हे बुरशीचे, प्राण्याचे नव्हे. तरी या कथेत ते उपरे नाही. बुरशी पेनिसिलिन तयार करते ते तीन अमिनो आम्ले जोडून. आधी एक छोटा पेप्टाइड होतो, मग तो वळून बंद होतो आणि त्याचे औषध बनते. अलेक्झांडर फ्लेमिंगला पेनिसिलिनच्या आधी, १९२२ मध्ये, जंतूंना फोडणारे एक प्रथिन सापडले होते. लायसोझाइम. ते नाकाच्या स्रावात, अश्रूंत आणि भरपूर प्रमाणात कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात असते. ऑक्सफर्डला फ्लोरी यांच्या प्रयोगशाळेत आधी या लायसोझाइमवर काम झाले आणि त्याच वाटेने ते आणि त्यांचे सहकारी चेन पेनिसिलिनपर्यंत पोहोचले. पिंपरीच्या कारखान्याची वंशावळ अशी अंड्यापाशी जाऊन टेकते.

कारखान्याबरोबर पिंपरीत संशोधन आले. एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाने मातीतल्या सूक्ष्मजीवांतून बुरशीविरोधी औषध शोधले, तेच हमायसिन. ते देणाऱ्या जीवाला शास्त्रीय नाव मिळाले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. गावाचे नाव असे जीवशास्त्राच्या यादीत गेले. १९६० च्या दशकात इथे स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागले. प्लेग बरा करणारे हे पहिले खात्रीचे औषध. ज्या रोगासाठी हाफकिनने बोकड शिजवला होता, त्याचा उतारा आता चिंचवडच्या शेजारी तयार होत होता. हा कारखाना नव्वदच्या दशकात आजारी पडला, तो भाग दुःखाचा आहे आणि त्यावर स्वतंत्र लिहायला हवे.

पिंपरीत दुसरी संस्था आली ती परळहून, आणि तिच्याबरोबर घोडे आले.

सोखींच्याच काळात हाफकिनमध्ये सर्पविषावरची लस तयार होऊ लागली होती. परळला सापांचे घर होते. डॉ. पी. जे. देवरस यांनी तिथे वर्षानुवर्षे साप पाळून, विष काढून, कोणता साप किती विष देतो याच्या नोंदी केल्या. त्यांचे ‘स्नेक्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ मध्ये काढले. १९७५ मध्ये राज्य सरकारने संशोधन आणि उत्पादन वेगळे केले. परळची हाफकिन संस्था संशोधनासाठी राहिली आणि उत्पादनासाठी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ झाले. घोड्यांच्या रक्तातून लस काढण्याचे महामंडळाचे काम पिंपरीच्या तबेल्यांशी जोडलेले आहे. सर्पदंश, विंचूदंश, घटसर्प, धनुर्वात, पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा, या सगळ्यांवरची द्रव्ये घोड्याच्या रक्तातून काढता येतात.

हे काम कसे चालते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे, या चार सापांचे विष वाळवलेल्या स्वरूपात थंड जागी ठेवलेले असते. निरोगी घोड्याला त्याचा अगदी सूक्ष्म अंश टोचतात आणि काही आठवडे-महिने मात्रा चढवत नेतात. घोड्याचे शरीर त्या विषातल्या प्रथिनांना ओळखायला शिकते आणि त्यांना पकडणारी प्रतिद्रव्ये तयार करते. ती पुरेशी झाली की मानेच्या शिरेतून रक्त घेतात. रक्त स्थिरावले की तांबड्या पेशी खाली आणि गव्हाळ पिवळा द्रव वर. पेशी घोड्याला परत देण्याची पद्धत आहे, म्हणजे त्याला पांडुरोग होत नाही. पिवळ्या द्रवात औषध असते.

पण तसेच्या तसे ते माणसाला देणे धोक्याचे. घोड्याचे प्रथिन हे माणसाच्या शरीराला परके. इंजेक्शननंतर अंगावर पित्त उठणे, रक्तदाब कोसळणे, पुढे ताप आणि सांधेदुखी, असे प्रकार होतात. इथे पुन्हा जठराची आठवण झाली. सी. जी. पोप या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकाअखेरीस दाखवले की, प्रतिद्रव्य पेप्सिन या जठरातल्या पाचकद्रव्याने अर्धवट पचवले तर त्याचा त्रासदायक भाग तुटून जातो आणि विषाला पकडणारा भाग शाबूत राहतो. प्रतिद्रव्याचा आकार इंग्रजी वाय अक्षराचा. पेप्सिन त्याचा दांडा तोडते आणि दोन हात जोडलेले ठेवते. ते असे का होते, याचा उलगडा १९५९-६० मध्ये रॉडनी पोर्टर आणि आल्फ्रेड निसोनोफ यांच्या प्रयोगांनी झाला. पोर्टर यांना जेराल्ड एडेलमन यांच्याबरोबर १९७२ चे नोबेल मिळाले.

पेप्सिन येते डुकराच्या जठरातून. हाफकिनने जे टाळले होते तेच जगभरच्या लसनिर्मितीत आले. द्रव आम्लधर्मी करून, शरीराच्या तापमानाच्या आसपास ठेवून, ठरलेल्या वेळेपुरते पेप्सिनला काम करू द्यायचे. वेळ कमी पडली तर दांडे शिल्लक राहतात, जास्त झाली तर हातही तुटतात. मग क्षार घालून नको ती प्रथिने खाली बसवायची, गाळायचे, सूक्ष्म गाळणीतून निर्जंतुक करायचे आणि गोठवून सुकवायचे. शेवटी छोट्या बाटलीत पांढरा गोळा उरतो. दहा मिलिलिटर पाण्यात तो विरघळवला की प्रत्येक मिलिलिटर ०.६ मिलिग्रॅम नागाचे, ०.६ मिलिग्रॅम घोणशीचे, ०.४५ मिलिग्रॅम मण्यारीचे आणि ०.४५ मिलिग्रॅम फुरशाचे विष निकामी करतो. हे भारतीय मानक आहे. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते, असे राष्ट्रीय उपचारपद्धतीत गृहीत धरलेले आहे. एक बाटली ६ मिलिग्रॅम मारते. म्हणून सुरुवातीलाच आठ ते दहा बाटल्या लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात दोनच बाटल्या शिल्लक असणे म्हणजे काय, ते या हिशेबातून कळते.

हाफकिनचे आणखी एक काम महाराष्ट्राच्या मातीतले आहे. लाल विंचू. कोकणात त्याच्या नांगीने मुले दगावत. त्याच्या विषातले छोटे पेप्टाइड मज्जातंतूंच्या दारांना अडकवतात, शरीर स्वतःच्याच उत्तेजक द्रव्यांनी भरून जाते, हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने यातले बहुतेक मृत्यू टाळता येतात, हे ग्रामीण दवाखान्यात बसून सिद्ध केले. पुढे हाफकिनने लाल विंचवाच्या विषावर घोड्यापासून प्रतिविष तयार केले. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बावस्कर दांपत्याने महाडच्या ७० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. ज्या तालुक्यात विंचू चावतो तिथेच औषधाची परीक्षा झाली, हे या अभ्यासाचे मोठेपण.

विषातले पेप्टाइड मारतात, तसे ते औषधाची वाटही दाखवतात. ब्राझीलच्या सर्जिओ फेरेरा यांना १९६० च्या दशकात तिथल्या जराराका सापाच्या विषात रक्तदाब उतरवणाऱ्या क्रियेला बळ देणारे पेप्टाइड सापडले. रक्तदाब चढवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) ते अडवत. त्यांच्या नमुन्यावर कॅप्टोप्रिल तयार झाले आणि १९८१ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. आज महाराष्ट्रातल्या लाखो घरांत त्या कुटुंबातली गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतली जाते.

यानंतर अन्नशास्त्रज्ञांनी विचारले: तोच विकर अडवणारे तुकडे आपल्या ताटातच नसतील? होते. जपानी संशोधकांना ते जिलेटिनमध्ये सापडले, मग आंबवलेल्या दुधात. १९९५ मध्ये केसीनमधले दोन पेप्टाइड पुढे आले, प्रत्येकी अवघ्या तीन अमिनो आम्लांचे. त्याआधी १९५० मध्येच स्वीडनच्या मेलांडर यांनी केसीनचे फॉस्फरसयुक्त तुकडे मुडदूस झालेल्या मुलांच्या हाडांना उपयोगी पडतात असे मांडले होते. ज्या वर्षी सोखींच्या गटाने केसीन तोडून जंतू वाढवल्याचे छापून आले, त्याच वर्षी दुसरीकडे केसीनचे तुकडे मुलांना देऊन पाहिले गेले.

दुधातल्या प्रथिनांचा व्यापार इथून जवळच पाहायला मिळतो. चाकणहून नाशिकच्या रस्त्याने वर गेले की मंचर लागते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दूध जास्त झाले की सरकारी संकलन ठरावीक दिवशी बंद ठेवत. त्या ‘दूध सुट्टी’ने शेतकरी हवालदिल होत. १९९२ मध्ये मंचरला पराग मिल्क फूड्स सुरू झाली ती या पार्श्वभूमीवर. अशा कारखान्यात चीज करताना दहा लिटर दुधातून साधारण एक किलो चीज निघते आणि नऊ लिटर पाणी उरते. पूर्वी हे पाणी नाल्यात जाई किंवा गुरांना पाजत. त्यात शेकडा एकाहूनही कमी प्रथिन असते. पण सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळून, फवारून वाळवले की त्याची प्रथिन पावडर होते, आणि पिंपरी-चिंचवडच्या व्यायामशाळांत तिचे डबे दिसतात. शेतकऱ्याच्या दुधाला यातून किंमत मिळते, ही गोष्ट चांगलीच आहे.

मात्र दुधाच्या पेप्टाइडने रक्तदाब उतरतो, प्रतिकारशक्ती वाढते, अशा दाव्यांची गत निराळी आहे. जपानी पेप्टाइडांवर माणसांत बरेच अभ्यास झाले. परिणाम सौम्य आणि उलटसुलट निघाले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने पुरावा अपुरा ठरवून दावा मान्य केला नाही. कारण साधे आहे. चंबूत विकर अडवणारा तुकडा पोटात गेल्यावर पुन्हा तुटतो, आतड्यातून रक्तात किती जातो ते ठरवणे कठीण. घोड्याच्या लसीची बाटली शून्य पूर्णांक सहा मिलिग्रॅमच्या हिशेबाने जोखली जाते. खाण्याच्या पावडरीलाही हाच काटा लावला पाहिजे. हाफकिन, सोखी, सोहोनी, बावस्कर या सगळ्यांनी आधी मोजले आणि मग सांगितले.

पिंपरीच्या घोड्यांपुढचा प्रश्न आता वेगळा आहे. भारतातल्या बहुतेक उत्पादकांना विष मिळते ते तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून. १९७८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने साप मारून कातडी विकणाऱ्या समाजाला विष काढून साप परत सोडण्याचा रोजगार दिला. काम उत्तमच आहे. पण साप एकच जातीचा असला तरी त्याच्या विषातली प्रथिने प्रदेशागणिक बदलतात. बंगळूरच्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने गेल्या काही वर्षांत हे पुन्हा पुन्हा दाखवले आहे. तामिळनाडूच्या घोणशीवर तयार केलेले औषध दुसऱ्या प्रदेशातल्या घोणशीवर तितकेच चालेल याची खात्री नाही. कोकणच्या फुरशाला तर इतिहासच आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात ते मारण्यासाठी सरकार बक्षीस देत असे. ज्या राज्याकडे परळचे सर्पगृह आणि पिंपरीचे तबेले दोन्ही आहेत, त्या राज्याने आपल्या सापांच्या विषावर आपली लस तयार करावी. त्यासाठी महामंडळाला पैसा, पशुवैद्य, रसायनतज्ज्ञ आणि भरलेल्या जागा हव्यात. घोड्यांनाही चांगला तबेला, विश्रांती आणि वयपरत्वे निवृत्ती हवी, कारण सगळा भार त्यांच्या अंगावर आहे.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यांतली, जवळजवळ निम्मी तीस ते एकोणसत्तर वयोगटातली आणि पावहून अधिक पंधरा वर्षांखालची मुले. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करण्याचे ठरवले.

मावळात, खेडला, आंबेगावला, कोकणात भातलावणीच्या दिवसांत कोणाला साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. तिथे ही लस मोफत मिळते. मिळाली नाही तर ग्रामसभेत उठून विचारा की ती का नव्हती.